नर्सिंगचा इतिहास पाठ करून वॉर्डात काय उपयोग?

कोरी_वही

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. 'नर्सिंग फाउंडेशन' नावाचा विषय आहे. त्यातलं प्रॅक्टिकल मला मनापासून आवडतं. बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), स्पंजिंग, हात चालत राहतात. पण थिअरीला बसलं की झोप येते. १८३६ कैसर्सवर्थ, १८५४ क्रिमिया, १८६० सेंट थॉमस, १९०८ टीएनएआय ही नर्सेसची संघटना, १९४७ नर्सिंग कौन्सिलचा कायदा. हे सगळं होस्टेलच्या खोलीत पलंगासमोर चिकटवून ठेवलंय. त्याच्या खाली हेंडरसन, ओरेम, पेप्लाऊ या नर्सिंगचे सिद्धांत मांडणाऱ्या बायकांच्या व्याख्या. रूममेट म्हणते देवांच्या फोटोंसारखी रांग लावलीयस, उदबत्ती तेवढी लाव.

परवा मेडिसिन वॉर्डात एका आजोबांना अचानक उलटी झाली. मी किडनी ट्रे धरून उभी होते आणि यातली एकही व्याख्या आठवली नाही. आठवायची गरजही पडली नाही. मग शिकवतात कशाला?

आणि अजून एक. "नर्सिंग हा व्यवसाय की सेवा?" हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो म्हणे. मॅडम म्हणतात 'दोन्ही' लिहायचं, मार्क मिळतात. मला 'दोन्ही' लिहायचा कंटाळा आलाय. तुम्ही काय लिहाल?

चहाटळ

पहिला!

'दोन्ही' लिही आणि सुट. आम्ही इंजिनिअरिंगची चार वर्षं याच एका शब्दावर काढली.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.)

तिसरी_पाळी

बाळा, आधी स्वागत. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

तुझ्या भिंतीवरचे सन फाडून टाक, माझी हरकत नाही. मलाही कैसर्सवर्थचं साल तुझ्या पोस्टमध्ये वाचून आठवलं. पण एक सांगते. आम्ही शिकत असताना बेडवर मॅकिंटॉश आणि त्याच्यावर ड्रॉ शीट घालायचो. मॅकिंटॉश म्हणजे लाल रबरी चादर, आताच्या मुलींनी पाहिली असेल नसेल. ड्रॉ शीटला एक सुरकुती राहिली तरी आमच्या ट्यूटर बाई अख्खा बेड उपसून काढायच्या. पेशंट नसलेला बेड हो! मला वाटायचं बाईंना छळायला आवडतं. पुढे नोकरीत लागल्यावर अर्धांगाच्या एका म्हातारीची पाठ पाहिली. घरून येतानाच जखम घेऊन आली होती, माकडहाडावर, माझी मूठ मावेल एवढी. तिच्या अंथरुणात गोधडीवर गोधडी होती आणि चार महिने तिला कुणी कुशीवर वळवलं नव्हतं. त्या दिवशी सुरकुती कळली.

इतिहासाचं तसंच आहे. क्रिमियाच्या युद्धात नाइटिंगेल बाई आल्या, स्कुटारीचा लष्करी दवाखाना झाडून पुसून काढला आणि मरणारे शिपाई वाचायला लागले. हे एकदा डोक्यात बसलं की खिडकी, पाणी, मोरी, चादर या चार गोष्टी तू औषधाच्या आधी बघशील. रोग्याभोवतीची जागा आधी नीट करा, हाच पुस्तकातला नाइटिंगेलचा 'पर्यावरण'वाला मुद्दा. आजोबांना उलटी झाली तेव्हा ट्रे धरलास, छान. त्यांची मान कुशीला वळवलीस का? नंतर चादर बदललीस का? तीच व्याख्या.

कोरी_वही

मान वळवली होती. चादर सिस्टरांनी सांगितल्यावर बदलली.

तिसरी_पाळी

खरं बोललीस, चालेल.

सरासरी

तिसरी_पाळी ताई, तुमच्या सुरकुतीला सलाम. पण नाइटिंगेल आल्या आणि शिपाई वाचायला लागले, हे इतकं सरळ झालेलं नाही. मी आकडेवारीचा मास्तर आहे, आणि आमच्या विषयात ही बाई आमची आहे. तुम्ही नर्सेसनी तिला एकट्याने ठेवून घेतलंय.

नाइटिंगेल ३८ जणींना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीला पोचल्या. स्वच्छता सुरू केली, कपडे धुवायची सोय केली, खाण्याचं बघितलं. आणि तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४२ च्या आसपास मरत होते. कारण ते बराकीचं हॉस्पिटलच तुंबलेल्या गटारांवर उभं होतं. वर कितीही पुसा, खालून सडतंय. मार्चमध्ये इंग्लंडहून सॅनिटरी कमिशन आलं, त्यांनी गटारं उपसली, पाणी साफ केलं, हवा खेळती केली. जूनपर्यंत तोच आकडा शेकडा २ च्या आसपास आला.

आता खरी गंमत. हे त्यांना तिथे असताना नीट कळलं नव्हतं. आपल्याकडे माणसं मरतात ती उपासमारीने, थंडीने, उशिरा आणल्याने, असंच त्यांना वाटत होतं. परत आल्यावर विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून सगळे तक्ते मांडले तेव्हा दिसलं की जखमांनी मेलेले थोडे आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले कितीतरी जास्त. मग त्यांनी तो प्रसिद्ध पाकळ्यांचा आलेख काढला, बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, मंत्र्यांना तक्ते वाचायचा कंटाळा म्हणून. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं, पहिली बाई.

स्वतःच्या कामाच्या काळात माणसं मेली, हे स्वतःच्याच आकड्यांनी सिद्ध करून छापायचं. एवढी हिंमत फार थोड्या खात्यांत असते.

तिसरी_पाळी

हे आम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं. आमच्या पुस्तकात त्या आल्या, दिवा घेऊन फिरल्या, मृत्यू घटले, संपलं. दोन वेळा वाचलं तुमचं.

घाटमाथा

सरासरी, उत्तम प्रतिसाद. त्यात एक भर. बाई जंतू मानायच्या नाहीत. रोग घाण हवेतून होतो, हाच त्यांचा कित्येक वर्षं विश्वास. म्हणजे सिद्धांत चुकीचा आणि उपाय बरोबर! खिडक्या उघडा, गटारं काढा, हात धुवा. जंतूंना काय फरक पडतो तुम्ही त्यांना मानता की नाही.

चहाटळ

माझी आईपण जंतू मानत नाही, तिचा विश्वास 'पारोसं' या संकल्पनेवर आहे. पण हात धुतल्याशिवाय फ्रीजला हात लावू देत नाही. नाइटिंगेलबाईंचीच शाखा समजा.

पिंपळपान

सगळे लंडनपासून सुरू करतात म्हणून लिहितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याचे गुणही दिलेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच. म्हणजे उपचारांची जाण, हाताची तयारी, रोग्याविषयी आस्था आणि स्वच्छता. नाइटिंगेलच्या किती शतकं आधी! आपल्या अभ्यासक्रमात हे पहिल्या पानावर हवं.

तिरका_डोळा

आलं. मला वाटलंच होतं दहाव्या प्रतिसादाच्या आसपास येईल.

पिंपळपान, चार गुण उत्तम आहेत, आजही नेमणूक करताना हेच बघावेत. पण गुण सांगणं वेगळं आणि व्यवसाय उभा करणं वेगळं. त्या उपस्थात्याची शाळा कुठे होती? परीक्षा कोण घ्यायचं? त्याने चूक केली तर त्याचं नाव कुठल्या नोंदवहीतून काढायचे? व्यवसायाला शिक्षण लागतं, नोंदणी लागते, स्वतःचं ज्ञान लागतं आणि स्वतःच्या निर्णयाला जबाबदार असणं लागतं. चरकात त्याचं स्थान वैद्याच्या आज्ञेतला माणूस एवढंच.

पिंपळपान

हा आक्षेप मान्य. पण मग नाइटिंगेलचं कौतुकही त्याच मापाने मोजा. चार पायांमध्ये एक पाय शुश्रूषा करणाऱ्याचा, म्हणजे तो नसेल तर चौरंग पडतो, हे म्हणायला डोकं लागतं. आज किती दवाखाने असं मानतात? बिलात डॉक्टर, औषध, खोली सगळ्याच्या ओळी वेगवेगळ्या असतात. नर्सिंगची ओळ शोधून दाखवा.

तिरका_डोळा

चौरंगाच्या मुद्द्याला +१. अशा वेळी भांडायलाच मजा येत नाही.

ब्रदर_नाईटवाला

पिंपळपान काका, धन्यवाद. चरकाचा उपस्थाता पुरुष होता ना? आता मी हे प्रिंट काढून घरात लावतो. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीच्या मामांनी तीनदा विचारलं होतं, "नर्सिंग म्हणजे नक्की वॉर्डबॉय का?"

मी आठ वर्षं आयसीयूत आहे, खाजगीत. कोरी_वही, तुझ्या व्याख्यांबद्दल एक किस्सा सांगतो.

एक काका होते, लकव्यानंतर उजवा हात हळूहळू परत येत होता. स्टेप-डाऊन वॉर्डात हलवलेले. मी सकाळी त्यांना शर्ट घालायला दिला आणि समोर उभा राहिलो. बटणं लावायला हात पुढे केला नाही. पहिलं बटण लागायला चार मिनिटं. घामाघूम. तेवढ्यात त्यांची मुलगी आली आणि माझ्यावर तुटून पडली, "तुम्ही नुसते उभे राहून बघताय? पैसे कशाचे घेता?" तक्रार वरपर्यंत गेली. इनचार्जने मला बोलावलं. काय उत्तर देणार?

तेव्हा मला व्हर्जिनिया हेंडरसन आठवली, देवाशपथ. तिचं म्हणणं साधं आहे. आजारी किंवा धडधाकट माणूस, त्याच्यात ताकद, इच्छा आणि माहिती असती तर जे त्याने स्वतः केलं असतं ते करायला त्याला मदत करायची, आणि तीही अशी की तो लवकरात लवकर आपल्यावाचून करू लागेल. बरं व्हायचं नसेल तर शांतपणे जायलाही मदत, हेही तिने त्यातच घातलंय. मी इनचार्जना म्हटलं, बटण मी लावलं असतं तर दहा सेकंदांचं काम होतं. न लावणं हे काम होतं. त्यांनी मुलीला बाहेर नेऊन समजावलं. डिस्चार्जच्या दिवशी काकांनी पाचही बटणं लावून दाखवली. मुलीने पेढे आणले, माझ्याशी मात्र काही बोलली नाही. असो.

उभं राहणं आणि उभं राहून काम करणं यातला फरक नातेवाइकांना सांगता यावा म्हणून व्याख्या. उलटीच्या ट्रेला नाही लागत, तक्रारीच्या टेबलावर लागते.

कोरी_वही

ब्रदर, हे मी वहीत उतरवून घेतलं.

कोकणी_फणस

रच्याकने, सगळ्या नर्सना आपण 'सिस्टर' का म्हणतो? आमच्या मालवणात तर पुरुषालाही एकदा सिस्टर म्हणून हाक मारलेली ऐकलीय.

थेम्सकाठी

नन्सवरून. युरोपात रुग्णालयं बराच काळ मठांच्या हातात होती. डोक्यावरची ती पांढरी टोपीसुद्धा त्यांच्याच डोक्यावरच्या ओढणीची नात.

मी लंडनला नर्स आहे, मूळची सांगलीची. इथे 'सिस्टर' हा हुद्दा आहे, वॉर्डाची प्रमुख. पहिल्या आठवड्यात मी सवयीने एका नवीन पोरीला सिस्टर म्हटलं, ती दचकून म्हणाली, मला एवढ्यात बढती नको. पुरुष असेल तर त्याच जागेला 'चार्ज नर्स'.

आता दिव्याबद्दल. कोरी_वही, तुमच्याकडे लॅम्प लायटिंग, म्हणजे नवीन मुलींच्या हातात दिवा देऊन शपथ देतात तो कार्यक्रम, झालं असेल किंवा व्हायचं असेल. हातात काय देतात? पणती किंवा अल्लाउद्दीनच्या चिरागासारखं काहीतरी. नाइटिंगेलच्या हातात तसं काही नव्हतं. तुर्की कंदील होता, घडी घालता येणारा, बाजूने चुण्याचुण्यांचा कागदी किंवा कापडी नळा आणि आत मेणबत्ती. मी पहिल्यांदा तो प्रकार काचेच्या पेटीत पाहिला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "अगं बाई, हा तर आकाशकंदील!"

चहाटळ

म्हणजे पुढच्या लॅम्प लायटिंगला मुलींनी फराळ घेऊन जायला हरकत नाही.

थेम्सकाठी

आणि त्या वेळी म्हणतात ती 'नाइटिंगेल प्रतिज्ञा'ही त्यांची नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने डॉक्टरांच्या शपथेवरून बेतली. नाव फक्त यांचं.

अवांतर: सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात २०१६ पासून मेरी सिकोल यांचा पुतळा आहे. जमैकाची बाई. क्रिमियाला जायला परवानगी मिळाली नाही तर स्वतःच्या खर्चाने गेली, बालाक्लाव्हाजवळ खानावळवजा घर काढलं आणि तिथून शिपायांची काळजी घेतली. पुतळ्यावरून इथे रण पेटलं होतं. एका गटाचं म्हणणं, ही नाइटिंगेलची जागा आहे, सिकोल प्रशिक्षित नर्स नव्हती. दुसऱ्याचं म्हणणं, काळी होती म्हणून दीडशे वर्षं विसरलात. ड्युटी संपवून मी त्या पुतळ्याखाली डबा खाते. सावली चांगली पडते.

आजीची_नात

"प्रशिक्षित नव्हती" यावरून आठवलं. आपल्याकडे हाच प्रश्न सावित्रीबाईंबद्दल येतो. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घालून हडपसरजवळच्या, त्यांचे दत्तक पुत्र यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच १० मार्चला गेल्या. नर्सिंगच्या इतिहासात त्यांना धरायचं का?

माझ्या आजीपुरतं सांगते. बालविधवा. सेवासदनातून ससूनमध्ये नर्सिंगला गेली. पुण्याचं सेवासदन १९०९ चं, रमाबाई रानड्यांचं. बायकांनी, त्यातही विधवांनी, नर्स व्हावं म्हणून रमाबाईंनी किती खस्ता खाल्ल्या याची कल्पना आज येत नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात, रक्त, बेडपॅन. वरच्या जातींना ते सगळं विटाळाचं. आजी ड्युटीवरून आली की मागच्या दाराने न्हाणीघरात, मग कपडे बदलून ओसरीपर्यंत. स्वयंपाकघरात तिला प्रवेश नव्हता. घरात तिच्या पगारावर सात माणसं जेवायची, पण तिच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही. आणि वाड्यात कुणाची कळ सुरू झाली की रात्री दोनला त्याच मागच्या दाराची कडी वाजायची.

तिला कुणी विचारलं असतं व्यवसाय की सेवा, तर काय म्हणाली असती माहीत नाही. पगाराच्या दिवशी ती स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा आणायची आणि उशीखाली ठेवायची. विधवेला माळता येत नव्हता ना.

तिसरी_पाळी

...

जुनी_पानं

आजीची_नात, तुमच्या प्रतिसादानंतर काही लिहायला नको वाटतं, पण एक धागा जोडतो. मुंबईचं सेवासदन १९०८ मध्ये काढणारे दोघे, बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल. याच गिदुमलांनी १८९२ मध्ये मलबारींचं चरित्र लिहिलं आणि त्याला प्रस्तावना कुणाची? फ्लोरेन्स नाइटिंगेलची. बाई हिंदुस्थानात एकदाही आल्या नाहीत, पण घरात पडल्या पडल्या इथल्या गटारांची, विहिरींची, दुष्काळांची चौकशी करत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता, खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल.

मुंबईपुरतं आणखी. आमच्या बहिणीच्या जुन्या नर्सिंगच्या पुस्तकात होतं की १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत ही प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय बाई. एक ओळ, बस्स. तिचं गाव कोणतं, घरच्यांनी पाठवलं की पळून आली, काही नाही. परीक्षेसाठी हे नाव पाठ करणाऱ्या मुलींपैकी एखादीने कधीतरी हे शोधावं.

तिरका_डोळा

आता मूळ प्रश्नावर. व्यवसाय की सेवा? मी ठामपणे व्यवसाय म्हणतो, आणि 'सेवा' हा शब्द हुद्द्यांमधून काढा म्हणतो. परिसेविका, अधिसेविका, आरोग्यसेविका. डॉक्टरला कुणी 'वैद्यसेवक' म्हणतं का? सेवा म्हटलं की पगार विचारायचा नाही, पाळी मोजायची नाही, साठ पेशंटना दोन नर्स का हे विचारायचं नाही. २०२० हे नाइटिंगेलचं द्विशताब्दी वर्ष, जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिकांचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. आपण काय केलं? थाळ्या वाजवल्या. आमच्याच सोसायटीत त्याच आठवड्यात एका नर्सला घर खाली करायला सांगितलं होतं. मी त्या मीटिंगला होतो. विरोध केला, पण उशिरा केला.

घाटमाथा

तिरका_डोळा, एक पेच टाकतो. तुमच्या व्याख्येत नोंदणी येते. नर्सेसची सरकारी नोंदणी करा म्हणून इंग्लंडमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक बाईंनी तीसेक वर्षं झुंज दिली, कायदा झाला १९१९ मध्ये. न्यूझीलंडने तोवर बाजी मारली होती, १९०१ मध्येच. आणि नोंदणीला सगळ्यात वजनदार विरोध कुणाचा होता? नाइटिंगेलचा! त्यांचं म्हणणं, परीक्षेने ज्ञान मोजता येईल, चारित्र्य कसं मोजणार? ज्या बाईच्या नावाने तुम्ही व्यवसाय म्हणता, ती त्या भांडणात पलीकडच्या बाजूला बसली होती.

तिरका_डोळा

हे माहीत नव्हतं. म्हणजे बाई चुकल्या. आकड्यांत बरोबर, जंतूंत चूक, नोंदणीत चूक. तीनपैकी एक.

सरासरी

शेकडा ३३. पास.

तिसरी_पाळी

तिरका_डोळा, तुमचं अर्धं पटलं. साठ पेशंटना दोन नर्स ही मी स्वतः काढलेली नाईट आहे, कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटना एक नर्स असं असताना. भोर समितीने १९४६ मध्ये मोजलं तेव्हा देशात ४३ हजार माणसांमागे एक नर्स होती. तिथून आपण आलो खरे, पण कागदावर जास्त, वॉर्डात कमी.

सेवा शब्द मात्र मला काढायचा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या मुलींनी, तिथेच हल्ला झालेल्या नर्स अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५ सांभाळलं. बेचाळीस वर्षं. अंथरुणाला खिळलेली बाई आणि एक बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) नाही, सुप्रीम कोर्टाच्या निकालातही त्याची नोंद आली. बॅचमागून बॅच निवृत्त झाली, नवीन मुली आल्या, त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं धडधाकट असताना. ड्युटी चार्टवर हे बसवून दाखवा.

ब्रदर_नाईटवाला

ताई, आदर ठेवून विरोध. ते ड्युटी चार्टवरच बसलं होतं म्हणून बेचाळीस वर्षं टिकलं. एकीच्या मायेवर असतं तर ती निवृत्त झाल्यावर संपलं असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, लिहायचं, पुढच्या पाळीला हँडओव्हर द्यायचा. माया असेलच, पण तिला हँडओव्हर होता.

तिसरी_पाळी

...हे बरोबर बोललास रे. विचार करते.

पेठेतला

नाइटिंगेलबाईंचं 'नोट्स ऑन नर्सिंग' कुणी वाचलंय का? १८५९ चं. नर्सेससाठी लिहिलेलंच नाही, घरात आजारी माणूस असलेल्या कुठल्याही बाईसाठी आहे. त्यात खोलीच्या दाराशी कुजबुजणाऱ्या नातेवाइकांना एक प्रकरण झोडपलंय आणि भेटायला येऊन फुकटचे सल्ले देणाऱ्यांना दुसरं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सतरा जण आले, त्यातल्या नऊ जणांनी ऑपरेशन करायलाच नको होतं असं सांगितलं. पोटात टाके असताना.

चहाटळ

पेठेत नऊच? बाकीचे आठ बाहेरगावचे असणार.

संपादक_मंडळ

अवांतर आवरतं घ्या. लेखिकेची परीक्षा आहे.

कोरी_वही

परीक्षा झाली! उशिरा लिहितेय त्याबद्दल माफी. सगळे प्रतिसाद रूममेटला मोठ्याने वाचून दाखवलेत, दिव्याच्या ठिकाणी ती पलंगावरून पडायची बाकी होती.

'व्यवसाय की सेवा' आला नाही. 'नर्सिंगच्या इतिहासात नाइटिंगेलचं योगदान' आला. मी दिव्याला एक ओळ दिली आणि गटारांना दीड पान. फेब्रुवारी आणि जूनचे आकडे टाकले, पाकळ्यांचा आलेखही काढायला गेले पण तो झेंडूसारखा आला. शेवटी नोंदणीला विरोध केला होता हेही लिहिलं. मॅडम काय करतील देव जाणे.

पण दुसरंच सांगायचं होतं. काल इव्हिनिंगला त्याच वॉर्डात होते. ते उलटीवाले आजोबा अजून आहेत, आता कॅथेटर (लघवीची नळी) आहे. चिडचिड करत होते, पोटावर हात फिरवत होते, कुणी म्हटलं वय झालंय, असंच असतं. माझ्याकडे आयओ चार्ट (शरीरात किती पाणी गेलं, किती लघवी झाली याचा तक्ता) भरायचं काम होतं. बघितलं तर बाराला १२० एमएल लिहिलेलं आणि पुढे काही नाही. पिशवीत तेवढंच. साडेतीन वाजलेले, सलाईन तर चालूच. एरवी मी 'निल' लिहून पुढे गेले असते. सरासरी सरांचं ते आठवलं, तक्ता मांडल्यावरच दिसलं वगैरे. सिस्टरांना हाक मारली. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, नळी मांडीखाली दाबून मुडपली होती. सरळ केल्याबरोबर वाहायला लागलं. आजोबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

ब्रदर_नाईटवाला

शाब्बास!

तिसरी_पाळी

किती आलं?

कोरी_वही

४५०.

तिसरी_पाळी

वेळ लिहिलीस?

कोरी_वही

हो. ३:४०. नळी मुडपली होती हेही लिहिलं.

तिसरी_पाळी

आणि सही?

कोरी_वही

सिस्टरांची. त्यांनी खाली स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर टाकला. माझा यायला अजून साडेतीन वर्षं आहेत.